विषाणू जुना झाला म्हणून मवाळ होतो का?

नमस्कार श्रोतेहो.

"आता कुठला कोरोना वो, जरा पडसं येतंय नि जातंय!" निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर हे ऐकायला मिळतं. पुढचं वाक्यही ठरलेलं: विषाणू जुना झाला की आपोआप मवाळ होतो. हे दुसरं काही मला पटत नाही.

2021 चा उन्हाळा आठवा. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरच्या रिपोर्टसाठी गाड्या अडत होत्या, आणि ऑक्सिजनच्या बेडसाठी लोक ओळखीपाळखी काढत होते. तो डेल्टा. साथीला वर्ष उलटलं होतं, तरी हा नवा व्हेरिएंट आधीच्या अल्फापेक्षा जास्त माणसं दवाखान्यात धाडत होता. 1918 च्या फ्लूतही पहिल्या लाटेपेक्षा दुसरी कितीतरी घातक निघाली.

विषाणूला आपल्या जगण्यामरण्याचं सोयरसुतक नसतं. कोरोना पसरतो तो मुख्यतः लक्षणं दिसण्याच्या जरा आधी आणि पहिल्या काही दिवसांत. रुग्ण दगावतो तो बहुधा दोन-तीन आठवड्यांनी. तोवर विषाणू पुढच्या घरी पोचलेला असतो. मग मवाळ व्हायची त्याला गरजच काय?

आता ओमिक्रॉन. 2 डिसेंबर 2021 ला देशातले पहिले दोन रुग्ण आपल्याच कर्नाटकात, बंगळूरला जाहीर झाले. हा काही डेल्टाचा वंशज नव्हे, वेगळ्याच फांदीवरचा. फुप्फुसात खोल शिरण्यापेक्षा तो वरच्या श्वासमार्गात जास्त वाढतो, म्हणून न्यूमोनिया कमी. शिवाय समोरची माणसंही बदलली होती: कुणी लस घेतलेली, कुणी डेल्टातून उठलेली. हे श्रेय आपण विषाणूच्या खात्यावर टाकतो, याची मला गंमत वाटते.

आणि समजा, हजार जणांना लागण होऊन शेकडा एक दगावला, तर दहा मृत्यू. मृत्युदर निम्मा, पण लागण दहा हजारांना झाली, तर पन्नास!

हाँगकाँगमध्ये 2022 च्या सुरुवातीला हाच 'सौम्य' ओमिक्रॉन लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांत शिरला आणि तिथली शवागारं अपुरी पडली. तेव्हा घरात सत्तरी ओलांडलेलं किंवा शुगरचं कुणी असेल आणि दम लागत असेल, तर व्हेरिएंटची चौकशी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नमस्कार.