बोटीचं जुनं इंजिन आणि आपलं उद्यमनगर

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापूरला समुद्र नाही. तरी जून लागला की आंबा घाट नाहीतर फोंडा घाट चढून कोकणातल्या गाड्या शिवाजी उद्यमनगरात यायला लागतात. हौद्यात गोणपाटावर बोटीच्या इंजिनाचं हेड असतं, क्रँक असतो, गंजून भोक पडलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा नळ, असतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मिरकरवाडा असो, देवगड असो की मालवण, इंजिन पूर्ण उघडायला नौकामालकाला हेच दोन महिने मिळतात.

हे लोक इथं येतात त्याला कारण आहे. नदीचं पाणी उसाला चढवण्यासाठी ऑइल इंजिन लागलं, ते दुरुस्त करता करता इथल्या माणसांनी ते बनवायलाच घेतलं, आणि त्यातून आपल्या फाउंड्र्या आणि मशिन शॉप उभी राहिली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात आजही आदरानं घेतली जातात. पुढे शिरोलीची औद्योगिक वसाहत झाली, गोकुळ शिरगावची झाली, कागलची झाली. ओतकाम, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, पंप कॅलिब्रेशन, सगळं एका दिवसाच्या फेरीत होईल अशी गावं फार नाहीत.

पार्ट मिळत नाही म्हणून जुनं इंजिन भंगारात घालावं लागतं, असं मी नेहमी ऐकतो. मला ते पटत नाही. बहुतेक वेळा पार्ट बाजारात असतो, पण तो कोणत्या नावानं मागायचा हे माहीत नसतं.

बोटीतली लहान आणि मध्यम डिझेल इंजिनं बऱ्याचदा मुळात ट्रकची किंवा ट्रॅक्टरची असतात. कोकणातल्या ट्रॉलरवर सहा सिलिंडरचं लेलँड सर्रास दिसतं. जगभर बोटींत बसलेलं पर्किन्स ४.२३६ हे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरलाही होतं. म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंगचे कप, व्हॉल्व्ह, गॅस्केट हे सगळं ट्रक-ट्रॅक्टरच्या दुकानात मिळू शकतं. ‘मरीन’ हा शब्द उच्चारलात की दुकानदार हात वर करतो. त्याला इंजिनाचं मॉडेल आणि सिरीयल नंबर सांगा, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव सांगा. खरी अडचण येते ती इंजिन बोटीसाठी बदलताना वरून जोडलेल्या गोष्टींची. खाऱ्या पाण्याचा पंप, इंजिनाचं पाणी थंड करणारा हीट एक्स्चेंजर म्हणजे कूलर, पाण्याचं जॅकेट म्हणजे भोवती पाणी फिरण्याची पोकळी असलेला मॅनिफोल्ड आणि गिअरबॉक्स.

यात एक धोका आहे आणि तो मला ठासून सांगायचा आहे. काही जुन्या इंजिनांत समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. त्यांचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, साधारण ५५ अंशांच्या आसपास उघडणारा असतो, कारण पाणी त्याहून फार तापलं की त्यातले क्षार जॅकेटच्या भिंतीवर धरायला लागतात. तिथं कोणी ट्रकचा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवला, तर इंजिन काही दिवस उत्तम चालतं, गेजवर आकडाही छान दिसतो, आणि आतून वाटा बंद होत जातात. पार्ट बसला म्हणजे तो योग्य आहे असं नाही. ब्लॉकच्या ओतकामातली भोकं बुजवणाऱ्या कोअर प्लगचंही तेच. ट्रकचा पत्र्याचा प्लग खाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही.

आता नंबर वाचायचं बघू. इंजेक्शन पंपाच्या पट्टीवर ‘पीईएस ६ ए ८०’ अशी सुरुवात असेल, तर पंप सहा सिलिंडरचा, ए मापाचा, आणि प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, ८ मिलिमीटरचा. नोझलवर ‘डीएलएलए १५०’ असेल, तर फवाऱ्याचा कोन १५० अंश. बॉल बेअरिंगवर ६२०५ असेल, तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणा. २५ मिलिमीटरचा शाफ्ट. ऑइल सीलवर ५०-७२-१० म्हणजे शाफ्ट ५०, घर ७२, जाडी १०. हे आकडे कळले की कंपनीचा डबा शोधत फिरायचं कारण उरत नाही, बेअरिंगच्या कुठल्याही चांगल्या दुकानात तोच माल मिळतो. इंजिनाची नंबरप्लेट मात्र रंगाखाली गाडू नका. ती खरवडून साफ करा, फोटो काढून ठेवा.

आणि आटे. जुनं रस्टन किंवा दुसरं ब्रिटिश घडणीचं इंजिन असेल, तर बोल्ट बहुतेक व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या, आट्याचे. अर्धा इंच व्हिटवर्थला इंचात १२ आटे, त्याच जाडीच्या युएनसी या अमेरिकी आट्याला १३. तीन अष्टमांशला दोन्हीकडे १६ आटे, पण व्हिटवर्थचा कोन ५५ अंश आणि युएनसीचा ६०. नट चढतो, घट्टही वाटतो, आणि ब्लॉकमधला आटा बिघडवून ठेवतो. हेडचा स्टड असेल तर तो ब्लॉकच गेला समजा. आटे मोजायचं पिच गेज ही स्वस्त वस्तू आहे. ती बोटीवर असू द्या.

मिळतच नाही असा पार्ट बनवून घेता येतो, आणि ते काम आपल्या गावचं. मॅनिफोल्ड, पंपाची बॉडी, पाण्याचा एल्बो, पुली, कव्हर. इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, जुना पार्टच साचा म्हणून वाळूत दाबून ओतून देणारे भेटतील. ग्रे कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, गनमेटल त्याहून थोडं जास्त. शिवाय मशिनिंगला माल ठेवावा लागतो. आधीच झिजलेल्या पार्टाची अशी नक्कल बारीक होणार. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, वेगळा करून घ्या, थोडे पैसे जातील, पण तो पॅटर्न पुढं तुमच्या बंदरातल्या दहा जणांना उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट धातूची. खाऱ्या पाण्याच्या पंपाला पिवळं पितळ चालत नाही. समुद्राचं पाणी त्यातलं जस्त काढून घेतं, पितळ गुलाबी पडतं आणि बोटानं ठोकलं तरी तुकडा पडतो. तिथं गनमेटल हवं, ८८ टक्के तांबं, १० टक्के कथील, २ टक्के जस्त. ऑर्डर देतानाच हे लिहून द्या. पाण्याचं जॅकेट असलेलं कास्टिंग फाउंड्रीतून उचलण्याआधी पाण्याचा दाब देऊन तपासून घ्या. गळका मॅनिफोल्ड एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरात सोडतो, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

काय बनवून घेऊ नये, तेही सांगतो. नोझल, पंपाचे प्लंजर-बॅरल, बेअरिंगचे कप आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, ते लेथचं काम नव्हे. रॉडचा बोल्ट तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्यात चार पैसे वाचवू नका. क्रँक ग्राइंडिंगला देताना एक मागणी न विसरता करा. क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, जिथं वेबला, म्हणजे बाजूच्या हाताला, मिळतो, तिथली गोलाई मूळ मापाची ठेवा. तो कोपरा काटकोनात कापला गेला, की तडा तिथूनच सुरू होतो. अंडरसाइज, म्हणजे घासून जर्नल किती बारीक करायचा ते माप, ०.२५ मिलिमीटर असेल की ०.५०, त्याचे कप हातात आल्याशिवाय ग्राइंडिंग सुरू करायला सांगू नका.

देखभालीत सगळ्यात दुर्लक्षित राहते ती पाण्याची बाजू. तेल सगळे बदलतात. पण हीट एक्स्चेंजरमधली जस्ताची कांडी कितीजण काढून बघतात? ती स्वतः झिजून कूलरला वाचवते, म्हणून अर्धी झिजली की बदलायची. ती मिळाली नाही म्हणून लोखंडी बोल्ट आवळून भोक बंद केलेले कूलर मी पाहतो, आणि मला वाईट वाटतं. एवढ्याशा कांडीपायी अख्खा कूलर खाऱ्या पाण्याच्या तोंडी दिलेला असतो. पंपाचा रबरी इम्पेलर उघडल्यावर एखादं पातं तुटलेलं दिसलं, तर नवा बसवून मोकळे होऊ नका. तो तुकडा पुढं पाण्याबरोबर गेलेला आहे, बहुधा कूलरच्या तोंडाशी अडकलेला आहे. तो सापडेपर्यंत काम संपलं असं म्हणू नका.

बंदीच्या दोन महिन्यांसाठी बोट वर घेतली की तेल तेव्हाच बदला, ऑगस्टमध्ये नको. वापरलेल्या तेलात आम्ल असतं आणि ते पावसाळाभर बेअरिंगवर बसून राहतं. खाऱ्या पाण्याच्या वाटेतून गोडं पाणी फिरवा. इम्पेलर काढून ठेवा, म्हणजे पाती वाकलेली राहत नाहीत. डिझेलची टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं.

आणि बोटीत पाणी शिरून इंजिन बुडालंच, तर सेल मारू नका. २०१९च्या महापुरात आपल्याकडे कितीतरी इंजिनं पाण्याखाली गेली होती, त्यांनाही हाच नियम होता. आधी इंजेक्टर काढा, क्रँक हातानं फिरवून सिलिंडरातलं पाणी बाहेर घालवा, सगळं तेल काढून टाका, नवं भरा, तेही थोडं चालवून पुन्हा बदला. खारं पाणी असेल तर हे त्याच दिवशी करा.

कोकणातल्या माझ्या श्रोत्यांना एक विनंती. येताना नंबरप्लेटचा फोटो आणा, जुना तुटका पार्ट आणा, आणि तो ज्याला जोडला जातो तो पार्टही आणा. पॅटर्न, ओतकाम, मशिनिंग, दाबाची चाचणी, या प्रत्येकाला आपापला वेळ लागतो, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच धावत येतात. तेव्हा हेड उघडल्या आठवड्यातच घाट चढा.

नमस्कार.