मोर्च्यात नसलेली माणसं: महाडची गोष्ट

जय भीम, नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी विचारलं होतं, "मी मोर्च्याला जाऊ शकत नाही, घरून फक्त अर्ज लिहून देते. मग मी चळवळीत आहे का?" त्याखाली एकानं लिहिलं, "रस्त्यावर उतरेल तोच कार्यकर्ता." ते वाचून मला राग आला. म्हणून आज महाड.

२० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेब ओंजळीनं पाणी प्यायले. हे तुम्हाला पाठ आहे. मला बोलायचंय ते त्याआधीच्या कागदाबद्दल.

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर! पुढची तीन वर्षं तिथं अस्पृश्यांना पाणी भरता आलं नाही. मार्च १९२७ मध्ये महाडात अस्पृश्यांची परिषद भरली, तिच्यासाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं गावातच, आणि पाणी विकतचं!

मग कागद फुकट गेला का? अजिबात नाही. हजारो माणसं तळ्याकडे निघाली ती मागायला नाही, मिळालेला हक्क बजावायला. ते बळ त्या ठरावाचं होतं.

आणि ती माणसं आपोआप जमली नव्हती. ती परिषद भरावी म्हणून रामचंद्र बाबाजी मोरे झटले, तेव्हा त्यांची पंचविशीही झाली नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तिला महाडात जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान यांनी स्वतःची जमीन दिली. भाषण नाही, घोषणा नाही, जमीन दिली. हे नाव किती जणांनी ऐकलंय, खरंच सांगा.

आमच्या वस्तीत नळासाठी चार मोर्चे काढले आम्ही. चौथ्या वेळी कार्यालयात म्हणाले, तुमचा अर्जच आलेला नाही. आम्ही गप्प. शेजारच्या मावशी घरी गेल्या आणि पत्र्याच्या डब्यातून पोच घेऊन आल्या. आवक शिक्का, तारीख, सगळं त्यावर. मावशी एकाही मोर्च्याला आल्या नव्हत्या, त्यांचे गुडघे दुखायचे. त्या दिवशी साहेबांना आमच्याशी बोलावं लागलं ते त्या पोचेमुळे.

महाडलाही शेवट कोर्टातच झाला. सवर्णांनी दावा लावला, म्हणून डिसेंबरात तळ्यावर जाणं थांबवावं लागलं. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला, कारण बंदीची रूढी पुरातन असल्याचं सवर्णांना सिद्ध करता आलं नाही. दहा वर्षं तारखा सांभाळायच्या, कागद जपायचे, खर्च भागवायचा. त्या कामाचा फोटो निघत नाही.

तर ताई, तुम्ही चळवळीतच आहात. अर्ज देताना प्रत्येक वेळी पोच घ्या. आणि फायलीची एक झेरॉक्स दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. मावशींच्या डब्यात पावसाचं पाणी शिरलं होतं, शिक्का जेमतेम वाचता आला.