पेटीवाल्याच्या कानाने पाहिलेले सिनेमे

मंडळी, नमस्कार. वाचनालयाने मला ‘अलीकडे पाहिलेले सिनेमे’ हा विषय दिला, आणि मी तो कानाच्या बाजूने मांडणार आहे. फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवळात उत्सवी नाटकांना मी पस्तीस वर्षं पेटीची साथ केली. पेटीवाल्याचं लक्ष नटाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या श्वासाकडे असतं. नट कुठे थांबणार, आणि त्या थांबण्यात आपण सूर भरायचा की हात आवरायचा, हे त्याला आधी कळावं लागतं. २००४ साली इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आला, तेव्हापासून दर वर्षी जमेल तेवढे सिनेमे पाहतोय. त्यातल्या कितीतरी भाषा मला येत नाहीत. तिथेही कानच कामाला आला.

‘दशावतार’पासून सुरुवात करतो, कारण इथल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलाय, हे मघाशी चहाच्या वेळी कळलं. सुबोध खानोलकरांचा हा सिनेमा सप्टेंबर २०२५मध्ये आला. नजर मंदावत चाललेला बाबुली मेस्त्री, दशावतार या लोकनाट्यातला म्हातारा नट, आणि ती भूमिका करणारे ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर. तोंडाला रंग लागला की त्यांच्या पाठीचा कणाच बदलतो. पेडण्याकडे आणि सावंतवाडीकडे मी असे नट जवळून पाहिलेत. दिवसा ओसरीवर खोकत बसणारा माणूस रात्री राजा होतो. प्रभावळकरांनी ते पूर्ण पकडलंय.

पण माझी तक्रार आहे, आणि ती मनापासून आहे. दशावतारात संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद मात्र नट तिथल्या तिथे रचतो. पेटी, मृदंग, झांज ही तिन्ही त्याच्या तोंडाकडे बघून चालतात. सिनेमात मध्यंतरानंतर पार्श्वसंगीत इतकं पुढे येतं, की नटाला थांबायला जागाच उरत नाही. कथा खाणीपर्यंत पोचते. डिचोली-साखळीच्या माणसाला खाण समजावून सांगावी लागत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. त्याच्या आधीचे रस्ते आणि नंतरची घरं, दोन्ही आपण पाहिलीत. अशा प्रेक्षकाला ढोल वाजवून राग आणायची काय गरज? डोंगराचा आवाज ऐकवला असता तरी पुरे होतं.

जयंत दिगंबर सोमलकरांचा ‘स्थळ’ मी सकाळच्या खेळाला पाहिला. दिवसाला तेवढा एकच खेळ होता, आणि सभागृहात आम्ही नऊ जण. विदर्भातल्या खेड्यात शिकणारी सविता आणि तिला बघायला येणारी मंडळी. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची? तेच प्रश्न, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या खेपेला लोक हसले, तिसऱ्याला कुणी हसलं नाही. ही लयीची कमाल आहे. ठेका तोच ठेवून वजन वाढवत नेणं फार थोड्यांना जमतं.

पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला २०२४मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला. पुरस्कारासाठी नव्हे, भाषांसाठी मी तो दोनदा पाहिला. मुंबईच्या इस्पितळातल्या मल्याळी परिचारिका आपसात मल्याळम बोलतात, बाहेर हिंदी. स्वयंपाकघरात राबणारी पार्वती मराठी. केरळहून आलेला एक डॉक्टर हिंदीशी झगडतो आणि त्या परिचारिकांमधली प्रभा त्याला मदत करते. घरात कोंकणी, उत्सवात मराठी, कचेरीत इंग्रजी असं जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लगेच कळतं. परक्या भाषेत माणूस हळू बोलतो, जपून बोलतो, आणि पुष्कळदा अर्ध्यावरच थांबतो. प्रेम सांगायचं असेल तर आणखीच.

त्यात इथिओपियाच्या एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या साध्वीचा पियानो आहे. ते सूर मी घरी पेटीवर काढायचा प्रयत्न केला. सम सापडत नाही. बोटं पुढे पळतात, मागे रेंगाळतात, जणू कुणी पावसात आडोसा शोधतंय. छाया कदमांची पार्वती कागदपत्रं नाहीत म्हणून चाळीतलं घर गमावते आणि रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. तिथे लोकलची घरघर जाऊन लाटांचा आवाज येतो. त्या क्षणी माझ्या शेजारच्या बाईंनी मोठा उसासा टाकला. तोही मला सिनेमाचाच भाग वाटला.

विम वेंडर्सचा ‘परफेक्ट डेज’ थोडक्यात. तोक्योत सार्वजनिक शौचालयं साफ करणारा हिरायामा पहाटे जागा होतो तो बाहेर रस्ता झाडणाऱ्या बाईच्या झाडूने. अंगण झाडणाऱ्या खराट्याच्या आवाजाने ज्यांची उभी हयात जागी झाली, त्यांनी तो जरूर पाहावा.

शेवटी रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालेला हा मराठी सिनेमा. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघांतलं जुनं प्रेम हळूहळू पुन्हा उमलतं. दोन पुरुषांच्या प्रेमाबद्दल आपल्याकडे एक तर कुजबुजतात किंवा ओरडतात. कानवडे साध्या आवाजात बोलतात. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. वारा, शेळ्या, भांडी, बायकांचं बोलणं, एवढंच. आणि आनंदची आई, जिला सगळं ठाऊक आहे, आणि जी पोराच्या बाजूने उभी राहते.

माझे वडील गेले तेव्हा आमच्या घरी तेरा दिवस पेटी बंद होती. घर माणसांनी भरलेलं, सल्ले चालू, आणि मला काहीच सुचत नव्हतं. चौदाव्या दिवशी मी पेटी बाहेर काढली आणि भात्यावर हात ठेवून नुसता बसून राहिलो. आई आतून म्हणाली, “वाजय रे.” ‘साबर बोंडं’मधली आई पडद्यावर आली, की मला दर वेळी तेच ऐकू येत होतं.