कॅमेरा कुणाच्या खंदकात बसतो?

दृश्य: ओमाहा किनाऱ्यावरचे खंदक. धूर. दोन सैनिक हात वर करून पुढे येतात.

निवेदन:
'सेव्हिंग प्रायव्हेट रायन', १९९८. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावरची चकमक संपत आलीय. जर्मन गणवेशातले दोघं हात वर करून, गयावया करत पुढे येतात. अमेरिकन सैनिक त्यांना अगदी जवळून गोळ्या घालतात आणि वर त्यावर विनोद करतात.

ते दोघं बोलत होते ती भाषा जर्मन नव्हती, चेक होती. गोळी मारू नका, मी कुणाला मारलेलं नाही, मी चेक आहे, असं ते सांगत होते. हिटलरच्या फौजेत पूर्व युरोपातल्या व्यापलेल्या मुलखांतून बळजबरीने भरलेली माणसं होती, त्यांतले हे दोघं. पडद्यावर मात्र सबटायटल नाही. चेक जाणणाऱ्याला शरण आलेल्या माणसांची हत्या दिसते. बाकीच्यांना दोन जर्मन मेलेले दिसतात. सबटायटलची एक ओळ दिली असती, तर सगळ्याच प्रेक्षकांच्या मनात तो प्रसंग उलटा झाला असता.

युद्धपट पाहताना आपण कुणाचे होतो, हे बहुतांशी अशाच निर्णयांवर ठरतं. लढाई कुणी सुरू केली, न्याय कुणाकडे होता, या गोष्टींना पटकथेत फार थोडी जागा मिळते. चेहरा कुणाचा, आवाज कुणाचा, घर कुणाचं दाखवायचं, यावर सगळं उभं राहतं.

दृश्य: पडदा तीन चौकटींत विभागलेला. एकाच जवानाचा चेहरा, त्याची पाठ, त्याने कवेत घेतलेला जखमी मित्र.

निवेदन:
सिनेमाचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ मध्ये या ओढीचे तीन टप्पे वेगळे केले. आधी पात्र ओळखू येतं. मग सिनेमा आपल्याला त्याच्यासोबत ठेवतो : तो जातो तिथे आपण जातो, त्याला कळतं तेवढंच आपल्याला कळतं. आणि मग आपण त्याची बाजू घेतो, म्हणजे त्याचं वागणं आपल्याला पटतं, निदान क्षम्य वाटतं. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांची नेहमी गल्लत होते. एखाद्यासोबत दोन तास काढूनही त्याची बाजू न घेता येणं शक्य आहे. चांगले दिग्दर्शक हीच फट वापरतात.

सोबत कशी घडवतात? साधी जोडणी तीन शॉटची असते. सैनिकाचा चेहरा, तो बघतोय ती गोष्ट, आणि परत त्याचा चेहरा. तिसरा शॉट काढून टाका, परिणाम निम्म्यावर येतो. बघितलेल्या गोष्टीने त्या माणसाचं काय झालं, हे त्या तिसऱ्या शॉटमध्येच असतं. त्याच ओमाहाच्या प्रसंगात सिनेमाचा नायक कॅप्टन मिलर याच्या जवळ स्फोट होतो तेव्हा सगळा आवाज दबून जातो. त्याचे कान बधिर झालेत, म्हणून आपलेही होतात. पण याच प्रसंगात कॅमेरा एकदा जर्मन मशीनगनच्या मागेही जातो. तिथून खालचा किनारा दिसतो, आणि गोळ्या झाडणारे दिसतात ते नुसत्या पाठमोऱ्या काळ्या आकृत्या म्हणून. जागा त्यांची मिळाली, चेहरा मिळाला नाही. त्यामुळे तिथे बसूनही प्रेक्षक किनाऱ्यावरच्या माणसांसाठीच घाबरतो.

दृश्य: राजस्थानचं वाळवंट, लोंगेवाला चौकीची आजची छायाचित्रं.

निवेदन:
आता आपल्या घराघरात पाठ असलेला सिनेमा घेऊ. जे. पी. दत्ता यांचा 'बॉर्डर', १९९७. विषय आहे ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्रीची लोंगेवालाची लढाई. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाबचे सुमारे १२० जवान, समोर रणगाड्यांचा ताफा, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेली हंटर विमानं.

लढाईला सिनेमात बराच उशीर आहे. त्याआधी दत्ता माणसं जमवतात. एकाची आंधळी आई, एकाची नवी नवरी, एकाची आजारी बायको. मग येतं 'संदेसे आते हैं', सुमारे दहा मिनिटांचं गाणं. या दहा मिनिटांत शत्रू नाही, गोळी नाही, कथा एक पाऊल पुढे सरकत नाही. फक्त पत्रं आहेत. फौजेतली कंपनी, म्हणजे जवानांची तुकडी, इथे कुटुंबांची बेरीज होते. आणि पत्रातली आई विशिष्ट गावाची नसते, म्हणून कुठल्याही गावाची होऊ शकते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे पिढ्यानपिढ्या घराघरातून माणूस फौजेत जातो, तिथे या गाण्यातलं अर्धं काम प्रेक्षक स्वतःच करतो.

यानंतर मथुरादास. त्याची सुट्टी मंजूर झालीय, तो निघतो, आणि लढाईसाठी परत फिरतो. व्यक्तीकडून गटाकडे जायचा पूल म्हणजे हे पात्र. आधी प्रेक्षकाला वाटतं, जाऊ दे बिचाऱ्याला घरी. तो परत येतो तेव्हा तोच प्रेक्षक टाळ्या वाजवतो. त्या दोन भावनांच्या मधल्या वेळात प्रेक्षकाने माणसाऐवजी पलटण निवडलेली असते.

आणि मरण. प्रत्यक्ष लोंगेवालात भारताचे दोन जवान कामी आले. सिनेमात मरणाऱ्यांची रांगच लागते. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड पडद्यावर हुतात्मा होतात. खरे भैरोसिंग त्या लढाईतून जिवंत परतले, त्यांना सेना पदक मिळालं, आणि ते वारले डिसेंबर २०२२ मध्ये, जोधपूरला. जिवंत माणसाला पडद्यावर मारण्यामागचा हिशोब आपण समजून घेतला पाहिजे. वाचलेला जवान कौतुकाचा विषय होतो. मेलेला जवान प्रेक्षकाला बांधून ठेवतो, कारण त्याचं देणं फेडायचं राहिलेलं असतं. आमच्या मते या सिनेमातली ही सगळ्यात गंभीर तडजोड आहे. राठोड यांचं खरं शौर्य असं होतं, की त्यात मरणाची भर घालायची काही गरजच नव्हती.

शेवटी 'मेरे दुश्मन, मेरे भाई' हे गाणं येतं. शब्द अतिशय सच्चे आहेत. पण समोरच्या सैनिकाला भाऊ म्हणताना कुठलाच चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. त्याचं पत्र, त्याची आई, त्याचं गाव आपल्याला आधीच्या अडीच तासांत कधी दाखवलेलंच नाही.

दृश्य: अल्जियर्सच्या कासबाचे, म्हणजे जुन्या अरब वस्तीचे जिने, कृष्णधवल.

निवेदन:
समोरच्याला चेहरा दिला तर काय होतं? १९६६ चा 'द बॅटल ऑफ अल्जियर्स', फ्रेंच सत्तेविरुद्धच्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा. दिग्दर्शक जिल्लो पॉन्टेकोर्वो. फ्रेंच कर्नलची भूमिका करणारे झाँ मार्तां हे व्यावसायिक नट. स्वातंत्र्यलढ्यातले नेते सादी यासेफ यांनी स्वतःवर बेतलेली भूमिका केली. बाकी बहुतेक माणसं अल्जियर्सचीच.

प्रसंगांचा क्रम नीट बघा. आधी रात्री कासबात स्फोट होतो, झोपलेली कुटुंबं ढिगाऱ्याखाली जातात. मग तीन बायका आरशासमोर केस कापतात, युरोपीय कपडे चढवतात. टोपल्यांत बॉम्ब घेऊन त्या नाक्यांवरच्या सैनिकांसमोरून पार होतात, आणि पकडल्या जातील की काय म्हणून आपलाच जीव वरखाली होतो. इथवर सोबत पूर्ण आहे.

मग त्यांच्यापैकी एक कॅफेत बसते आणि आजूबाजूला बघते. कॅमेरा तिच्या नजरेने फिरतो. गप्पा मारणारी गिऱ्हाईकं. आइस्क्रीम चाटणारं लहान पोर. परत तिचा चेहरा. तीच तीन शॉटची जोडणी, पण आता तिच्यामुळेच आपण मरणाऱ्यांचे चेहरे बघतोय. टोपली खाली सरकवून ती निघून जाते. आपण तिच्यासोबत बाहेर पडतो आणि आपली बाजू तिथेच, त्या पोरापाशी अडकते. ढिगाऱ्यातून प्रेतं काढताना, कासबातल्यांसाठी वाजलेलंच शोकसंगीत या मेलेल्यांसाठीही वाजतं. संगीतकार एन्नियो मोरिकोने आणि पॉन्टेकोर्वो यांनी मृत्यूला दोन वेगळ्या धुना दिल्या नाहीत.

हा सिनेमा २००३ मध्ये, इराक युद्धाच्या पार्श्वभूमीवर, पेंटागॉनमध्ये अधिकाऱ्यांना दाखवला गेला. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीने तो अभ्यासला होता. दिग्दर्शक सोबत देऊ शकतो. बाजू मात्र प्रेक्षक आपल्या घरून घेऊन आलेला असतो.

दृश्य: १९४० च्या दशकातला सैनिकी प्रशिक्षण तळ, प्रोजेक्टरचा प्रकाशझोत.

निवेदन:
हे मोजूनही बघितलंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने नव्या भरतीच्या जवानांना फ्रँक काप्रा यांची 'व्हाय वुई फाइट' ही सात चित्रपटांची मालिका दाखवली. मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिनेमा पाहिलेले आणि न पाहिलेले जवान यांची तुलना केली. घटनांची माहिती खूप वाढली. ब्रिटिशांबद्दलची काही मतं बदलली. लढायला जायची इच्छा जवळजवळ जागच्या जागीच राहिली. पण ब्रिटनच्या लढाईवरच्या भागाबाबत एक वेगळी गोष्ट निघाली. पाच दिवसांनी आणि नऊ आठवड्यांनी अशा दोन चाचण्या घेतल्या, तेव्हा मधल्या काळात माहिती बरीच विसरली गेली होती आणि काही मतं मात्र आणखी सिनेमाच्या बाजूला झुकली होती.

दृश्य: टेबलावर वही, मोबाइलवरचं स्टॉपवॉच, लॅपटॉपवर थांबवलेला सिनेमा.

निवेदन:
तुम्हाला करून बघायचं असेल तर कुठल्याही युद्धपटाची सलग वीस मिनिटं निवडा, त्यात निदान एक चकमक हवी. वहीत दोन्ही बाजूंसाठी रकाने आखा : नाव घेतलेली माणसं किती, क्लोज-अपचे सेकंद किती, घराचा उल्लेख किती वेळा, मरताना चेहरा दिसला का, मेल्यावर त्यासाठी कुणी थांबलं का. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो.

चुका ठरलेल्या आहेत. नुसते सेकंद मोजले तर खलनायकही भरपूर दिसतो. तो हुकूम देताना दिसतो की त्या हुकुमाचा परिणाम बघताना, हे वेगळं लिहा. गाण्यांचा हिशोब स्वतंत्र ठेवा, नाहीतर हिंदी सिनेमाचे आकडे फुगतात. हिंदीत डब केलेली आवृत्ती घेऊ नका. तिच्यात दोन्ही फौजा एकच भाषा बोलतात आणि सबटायटल कुणाला दिलं, कुणाला नाही, हे पुसलं जातं.

सिनेमा चार-सहा जणांना दाखवणार असाल तर तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. कुणाची नावं आठवतात? कुणासाठी जीव घाबरला? कुणाचं वागणं पटलं? उत्तरं लिहून ठेवा, आणि तेच प्रश्न त्याच लोकांना दोन महिन्यांनी परत विचारा. तोवर नावं गळालेली असतील. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठे सरकलंय ते बघा.