'खाली' : एका परमिट रूमची शेवटची रात्र

नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय 'पुनर्विकास आणि वस्तीतल्या सामाईक जागा' असा छापलाय. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी मला एका बारबद्दल सांगू द्या. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी तिथे बसलेले आहेत, आणि उरलेल्यांनी आपापल्या माणसांना तिथून घरी नेलेलं आहे.

बारला नाव होतं, पाटीवर होतं, पण ते आम्ही कधी घेतलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीच्या तळमजल्यावर होता, म्हणून तो 'खाली'. "बाबा कुठेत?" "खाली." एवढ्यात सगळं कळायचं. पुढे आमच्यातले बरेच जण डोंबिवली-विरारला गेले. तेही शनिवारी निघताना बायकोला सांगायचे, "जरा खाली जाऊन येतो." आणि दीड तास लोकलने यायचे!

तो यंदा 31 मार्चला बंद झाला. तारीख मुद्दाम सांगतो. परवान्याचं वर्ष त्या दिवशी संपतं. इमारत पाडायला निघाली होती, त्यामुळे नूतनीकरणाचे पैसे भरण्यात अर्थ नव्हता. त्यात 2023मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 5 टक्क्यांचा 10 टक्के झाला होता, 2025मध्ये परवाना शुल्क 15 टक्क्यांनी वाढलं होतं, वर उत्पादन शुल्क वेगळं. 2025च्याच 14 जुलैला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला, तेव्हा आमचे अण्णा, म्हणजे मालक, दिवसभर बाहेर स्टूल टाकून बसले होते. बंद दुकानासमोर बसायची त्यांची ती पहिलीच वेळ.

अण्णा मूळचे उडुपीकडचे. पोरवयात मुंबईत आले, हॉटेलात कपबश्या विसळल्या, रात्रशाळेत शिकले. मुंबईतल्या कितीतरी शेट्टींची हीच कहाणी आहे. साठच्या दशकात दारूबंदी सैल व्हायला लागली, सत्तरच्या दशकात परमिट रूम वाढल्या आणि अनेक उडुपी हॉटेलांच्या मागच्या खोलीत बार आला. आता 'परमिट' हा शब्दच घ्या. 1949चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. प्यायला परवाना लागतो : एक दिवसाचा, वर्षाचा नाहीतर आयुष्यभराचा. माझ्या वडिलांकडे होता. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक, असं त्यावर छापलेलं. आईने तो कागद देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला होता, रेशनकार्डाच्या शेजारी. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

आता शेवटची रात्र. वेळेचं भान आहे मला, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये.

बारवाल्याला प्रत्येक बाटलीचा हिशेब नोंदवहीत लिहावा लागतो. सगळ्यात वरच्या फळीवर पुदिन्याच्या हिरव्या लिकरची एक बाटली होती. कोणीतरी हौसेने मागवली असेल, पण ती कधी कोणी मागितली नाही. दरवर्षी वहीत एकच नोंद : शिल्लक एक. त्या रात्री अण्णा म्हणाले, "ही एक शून्य करायची आहे, मग माझी वही पुरी." मग मामांनी, म्हणजे आमच्या वेटरने, चौदा ग्लास मांडले. सोबत उकडलेले चणे, मसाला पापड, काकडी. पुदिना आणि खोकल्याचं औषध यांच्या मधली काहीतरी चव होती. चौदा माणसं तोंडं वेडीवाकडी करून हसत होती आणि मधेच कोणाचे तरी डोळे भरून येत होते. अण्णांनी वहीत शून्य लिहिलं, खाली तारीख टाकली.

पंधरावे एक काका होते. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून नऊ वर्षं ते रोज संध्याकाळी यायचे आणि फ्रेश लाइम सोडा प्यायचे. पहिल्या वर्षी त्यांनी दोनदा नाइंटी, म्हणजे नव्वद मिली दारू, मागितली होती. मामांनी दोन्ही वेळा सोडाच आणून ठेवला. त्या रात्री काका म्हणाले, "आज तरी दे." मामांनी पुन्हा सोडा आणला. काकांनी मामांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता मागे जातो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांत माझे वडील. पगार बंद झाला तरी पिणं बंद होत नाही, हे इथल्या बायकांना मी सांगायला नको. तेव्हा अण्णांनी एक नियम केला : जेवण उधार, दारू रोख. भात-आमटी कितीही लिहून ठेवतील, क्वार्टर मात्र पैसे मोजल्याशिवाय नाही. आणि रोख दिली तरी वडिलांना एक नाइंटी, दुसरी नाही. मी उंबरठ्याशी उभा राहायचो, आत जायची परवानगी नव्हती. मामा बाहेर येऊन सांगायचे, "बाबा निघाले, आईला ताट वाढायला सांग." वडील चिडले की दुसऱ्या गल्लीतल्या गुत्त्यावर जायचे. पण तिथे हटकणारं कोणी नाही म्हणून चार दिवसांत परत यायचे. आई त्या बारची पायरी कधी चढली नाही. पण दिवाळीला चकल्यांचा डबा खाली जायचा, अण्णांसाठी.

गावोगावी बायकांनी मतदान करून आडवी बाटली, म्हणजे दारूबंदी, निवडली, दुकानं बंद पाडली. मी त्यांच्याच बाजूचा आहे. ज्यांनी मोडलेले संसार पाहिलेत, त्यांना मी बारची थोरवी सांगणार नाही. मी एवढंच सांगतोय, की ओळखीचा मालक 'बस झालं' म्हणू शकतो. अनोळखी काउंटर म्हणत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. ठीक.

तर पुनर्विकास. परवाना त्या जागेला असतो, माणसाला खिशात घालून हिंडता येत नाही. जागा बदलायची तर नवी परवानगी, त्यात शाळा-देवळापासूनच्या अंतराची अट. लालबागमध्ये शाळा आणि देऊळ नाही असा कोपरा दाखवा मला. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीच्या योजनेत दुकानदार भाडेकरूलाही बदली जागा मिळते, हे खरं. पण इमारत उभी राहीपर्यंत वर्षं जातात. रहिवाशांना भाडं मिळतं, गिऱ्हाइकं मात्र पांगतात. मामा गावी गेले, स्वयंपाकी नवी मुंबईत लागला. आणि नव्या टॉवरच्या लोकांना खाली बार नकोच असतो.

मग पिणारे कुठे गेले? मी पाहिलंय. पलीकडच्या वाइन शॉपमधून चपटी घेतात आणि उभ्या गाड्यांच्या आडोशाला, प्लास्टिकच्या ग्लासात, पाच मिनिटांत संपवतात. चणे नाहीत, पाणी नाही, मामा नाहीत.

इमारत पाडण्याआधी सर्वेक्षण होतं. त्यात चौरस फूट मोजतात, भाडेपावत्या तपासतात. माझी मागणी आहे की तळमजल्यावरच्या खानावळी, सलून, चहाचं दुकान, बार यांची वेगळी नोंद व्हावी : किती वर्षं चाललं, कोण बसायचं, उधारी कोणाची आणि कशाची चालायची. आणि नवा नकाशा काढणाऱ्याने ती वाचल्याची सही करावी. आराखड्याचा मुद्दा होता, तो राहिला, त्यावर पुन्हा कधीतरी.

बाहेर टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. तुमच्या चाळीखाली काय काय होतं ते लिहून जा. पाटीवरचं नाव आठवत नसेल तर तुम्ही त्याला काय म्हणायचात ते लिहा.