खिशातला चाकू घेताना आधी पात्याची जाडी बघा

हे बघा, समोर दोन चाकू आहेत आणि दोन गाजरं. डावीकडचा तो काळा, दणकट दिसणारा, ऑनलाइन फोटो बघून लोक ज्याच्यावर फिदा होतात तसला, पात्याची पाठ जवळपास 4 मिलीमीटर जाड. उजवीकडचा साध्या लाकडी मुठीचा, त्याची पाठ 2 मिलीमीटरसुद्धा नाही. धार दोघांना एकाच दगडावर लावलीय, कागद दोघंही सुळकन कापतात. आता जाडवाला गाजरात घालतोय... आवाज आला? कडकन! गाजर कापलं गेलं नाही, फुटलं. धार थोडी आत शिरली आणि मग मागच्या जाडीने पाचर ठोकावी तसं गाजर दोन्हीकडे फाकवलं. आता हा पातळ. सरळ खालपर्यंत, आवाज नाही, चकती बघा कशी गुळगुळीत निघालीय.

तर आजचा सगळा विषय हाच आहे. रोज खिशात ठेवायचा चाकू घेताना लोक स्टील कुठलं, लॉक (उघडलेलं पातं मिटू न देणारी अडकण) कुठलं, उघडायला किती झकास वाटतं हे विचारतात, पण पातं पातळ आहे का हे फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच पाहिजे कारण धार काय, घरी लावता येते, जाडी मात्र घरी कमी करता येत नाही.

आपण दिवसभरात कापतो काय ते एकदा आठवून बघा. कुरिअरच्या खोक्याची टेप, सुतळी, दुधाची पिशवी, केबल टाय, पेन्सिल, ऑफिसात कुणीतरी आणलेली सफरचंदं, रविवारी गडावर गेलो की काकडी आणि कांदा. लाकूड फोडायचं काम यात कुठेच नाही. या सगळ्याला अडीच-तीन इंचांचं पातळ पातं रग्गड झालं.

हा लाकडी मुठीचा म्हणजे ओपिनेल. फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरात साव्हुआ नावाचा भाग आहे, तिथे 1890 मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी तो बनवला, गावातल्या शेतकऱ्यांसाठी, गुराख्यांसाठी. नंतर त्याला नंबर पडले, 1 ते 12, आणि रोजच्या वापराला बहुतेक लोक नंबर 8 घेतात, पातं साडेआठ सेंटीमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. पात्यावर छाप आहे तो दिसतोय का, जवळ घेतो... हाताचा पंजा आणि वर मुकुट, तो 1909 पासूनचा. आणि मुठीच्या तोंडाशी ही जी धातूची रिंग आहे ना, ती 1955 मध्ये आली. पातं उघडायचं, रिंग फिरवायची, पातं जागच्या जागी पक्कं. बटण नाही, आत स्प्रिंगही नाही, बिघडण्यासारखं जवळपास काहीच नाही. मला ही रिंग प्रचंड आवडते.

पण तो चाकू आल्प्समधला, आणि आपल्याकडे जुलैमध्ये भिंतींना ओल येते. त्याची मूठ बीच लाकडाची, लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पातं खाचेत असं आवळून बसतं की नखाने ओढून ओढून नख दुखायला लागतं. कोकणात किंवा मावळात पावसाळ्यात वापरणार असाल तर हे होणार म्हणजे होणारच. त्यावर तिकडच्या लोकांची जुनी युक्ती आहे, बघा, रिंग आधी मोकळी करायची, मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टक्कन आपटायचं. आलं की नाही पात्याचं टोक वर? मग ते चिमटीत धरून उघडायचं.

ओपिनेल दोन स्टीलमध्ये मिळतो, कार्बन आणि स्टेनलेस. कार्बनला धार पटकन लागते, पण कैरी किंवा लिंबू कापलं की पातं काळं-निळं पडतं, फळाला लोखंडाचा वास लागतो आणि ओला तसाच ठेवला तर सकाळी तांबूस ठिपके. ज्यांना पुसायची सवय आहे त्यांनी खुशाल कार्बन घ्यावा, बाकी आपल्या हवेत स्टेनलेसच, इथे मी फार विचार करत नाही.

आता हा लाल, स्विस आर्मी नाइफ, याला ओळख लागत नाही. स्विस सैन्याला शिपायासाठी असा चाकू पाहिजे होता ज्याने डबा उघडेल आणि रायफलही खोलता येईल, म्हणून 1890 च्या त्या मॉडेलमध्ये पातं, डबा उघडायची पट्टी, स्क्रू ड्रायव्हर आणि भोक पाडायची आर अशी चारच अवजारं होती. गंमत म्हणजे पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगेन शहरातून करून आणावे लागले, तेवढे बनवायची सोय स्वित्झर्लंडमध्ये नव्हती. इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी 1891 मध्ये ते काम आपल्याकडे घेतलं आणि 1897 मध्ये बाटलीचं बूच काढायचा स्क्रू असलेला अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला, आजच्या सगळ्या लाल चाकूंचा तो आजोबा. 1909 मध्ये एल्सनर यांची आई व्हिक्टोरिया गेली तेव्हा तिचं नाव कारखान्याला दिलं, पुढे इनॉक्स, म्हणजे स्टेनलेस, हा शब्द जोडला आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं.

यातलं पातंही पातळच, स्टील मुद्दाम थोडं मऊ ठेवलेलं, म्हणून धार लवकर जाते पण दोन मिनिटांत परत येते. घेताना अवजारांचा हावरेपणा करू नका. वीस-तीस अवजारांचा ठोकळा खिशात चार दिवस राहतो, मग ड्रॉवरमध्ये. अवजारांचे दोनच थर असलेला पातळ घ्या, किंवा नुसता किल्ल्यांना अडकवायचा 58 मिलीमीटरचा छोटा, तो साधारण वीस ग्रॅमचा असतो, टेप, पाकिटं, नखं एवढं सगळं निभावतो.

एक मात्र नीट ऐका. या लाल चाकूच्या नेहमीच्या मॉडेलला लॉक नसतं, मागच्या स्प्रिंगच्या दाबावर पातं उघडं राहतं. कापताना दाब धारेवर येतो तोवर ठीक आहे, पण टोक खुपसून भोक पाडायला गेलात तर पातं मिटतं आणि तिथे बोटं असतात. भोक पाडायचं असेल तर आर वापरा, ती त्यासाठीच दिलीय. लहान मुलाच्या हातात पहिला चाकू देताना मी लॉकवालाच देईन.

बाजारात हुबेहूब दिसणारे नकली लाल चाकू ढिगाने आहेत. पातं उघडा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा, डुगडुगलं तर ठेवून द्या. मिटवताना शेवटी पातं स्प्रिंगने स्वतःहून आत खेचलं गेलं पाहिजे, टक असा आवाज येतो. मिटल्यावर कडेवरून रुमाल फिरवा, टोक वर राहिलं असेल तर धागा अडकतो, आणि तेच टोक उद्या तुमच्या खिशात मांडीला लागणार. डावखुऱ्यांनी नख घालून पातं ओढायची खाच कुठल्या बाजूला आहे तेही बघा, बहुतेक चाकू उजव्या हातासाठीच केलेले असतात.

आता कायदा. आपल्याकडे चाकू म्हटलं की लोकांना सिनेमातला रामपुरी आठवतो, खटका दाबला की खाडकन उघडणारा, त्यामुळे पोलिसांच्या नजरेत खटक्याचा चाकू आणि फळं कापायचा चाकू एक नसतात, हे लक्षात ठेवून खटकेवाला घेऊच नका. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारं त्यातून वगळलीयत, म्हणजे आपला तीन इंची चाकू त्या मापाच्या खूप खाली आहे. पण तेवढ्यावर निवांत राहू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली सण, निवडणुका, मोर्चे असताना शहरात आदेश निघतात आणि त्यात चाकू बाळगायलाही मनाई असू शकते. अशा दिवसांत, मिरवणुकीत, सभेला जाताना चाकू घरी ठेवा. विमानाला जाताना तो चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत छोटासुद्धा चालत नाही, तिथे जप्त झालेला परत मिळेल ही आशा धरू नका.

धारेचं एक राहिलं. गल्लीत पायाने चाक फिरवत येणारे धारवाले विळी-कोयत्याला छान धार लावतात, पण हे पातळ पातं कोरड्या चाकावर धरलं की काही सेकंदांत कडेला निळी झाक येते, म्हणजे स्टील तापून मऊ झालं, त्या जागी धार टिकणार नाही. घरी 1000 नंबरचा पाण्याचा दगड घ्या, पातं दगडापासून साधारण वीस अंशांवर उचला आणि दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा. दगड नसेल तर चहाच्या मगाचं बूड उलटं करा, तिथे ग्लेझ, म्हणजे चकचकीत थर, नसलेली खरखरीत कड असते, ती चालते, बघा लागतेय. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढायचं, धार मागे ठेवून.

सांध्याला तेल घालताना खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होऊन कचरा धरतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचा एक थेंब सांध्यात, चाकू पाच-सहा वेळा उघडझाप करायचा, बाहेर आलेली काळी घाण पुसायची आणि मग फळ कापायला घ्यायचं. पावसाळ्यात हे आठवड्याला, एरवी महिन्याला एकदा केलं तरी चालतं.