जूडी-लिन डेल रे आणि न मोजलेला वाचक

श्रोतेहो, मासिकाच्या संपादकाचं नाव पहिल्याच पानावर असतं. पुस्तकाच्या संपादकाचं नाव मात्र बहुधा कुठंच नसतं. फार तर ऋणनिर्देशात एखादी ओळ. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचं आडनाव अमेरिकेत विज्ञानकथांच्या आणि फँटसीच्या पुस्तकांवर आजही छापलं जातं. तरीही जूडी-लिन डेल रे नेमक्या कोण होत्या, हे त्या पुस्तकांच्या वाचकांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

१९४३ चा जन्म, न्यूयॉर्क. अकाँड्रोप्लेजिया या जन्मजात विकारामुळे उंची अगदी कमी राहिली. शिक्षण इंग्रजी साहित्याचं. १९६५ मध्ये त्या ‘गॅलक्सी’ या विज्ञानकथा मासिकात साहाय्यक म्हणून लागल्या. संपादक होते फ्रेडरिक पोल. मासिकाचा धबडगा तुम्हाला सांगायला नको. अंक वेळेवर निघालाच पाहिजे, लेखकाच्या मागे लागलंच पाहिजे. पाठपुराव्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

१९७३ मध्ये त्या बॅलंटाइन या प्रकाशनसंस्थेत आल्या. तेव्हा विज्ञानकथेचा वाचक ठरलेला आणि मोजका, असा धंद्यातला समज होता. तेवढ्याच प्रती छापायच्या, तेवढ्याच खपवायच्या. जूडी-लिन यांना हा हिशेबच मान्य नव्हता. वाचक भरपूर आहे, आपणच त्याच्यापर्यंत पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची सारी कारकीर्द मला या एका हट्टातून उलगडत जाताना दिसते.

एका अजून पूर्ण न झालेल्या अंतराळपटाच्या कादंबरीरूपाचे हक्क त्यांनी घेतले. चित्रपट होता ‘स्टार वॉर्स’. आज यात काय मोठं, असं वाटेल. पण तेव्हा त्या चित्रपटावर खुद्द स्टुडिओचाही फारसा भरवसा नव्हता. कादंबरी १९७६ च्या अखेरीस आली, चित्रपट मे १९७७ मध्ये. मुखपृष्ठावर जॉर्ज लुकास यांचं नाव होतं, लिहिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. पुस्तक लाखोंनी खपलं.

त्याच वर्षी ‘डेल रे बुक्स’ हे इम्प्रिंट, म्हणजे बॅलंटाइनअंतर्गत स्वतंत्र नावाची पुस्तकशाखा, सुरू झालं. पती लेस्टर डेल रे फँटसी पाहत, जूडी-लिन विज्ञानकथा आणि एकूण कारभार. इथं मला जरा रेंगाळायचं आहे, कारण संपादन म्हणजे काय ते इथं दिसतं. टेरी ब्रुक्स हे इलिनॉयमधले एक तरुण वकील. त्यांनी आपल्या कादंबरीचं एक भलंमोठं बाड डोनाल्ड वॉलहाइम या प्रकाशकांकडे पाठवलं. ते साभार परत आलं, पण बॅलंटाइनमध्ये जूडी-लिन यांच्याकडे पाठवून पाहा, या सल्ल्यासह. लेस्टरनी ते ब्रुक्सकडून कसून सुधारून घेतलं आणि ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ हे नव्या इम्प्रिंटचं पहिलं पुस्तक ठरलं. ते तुफान खपलं. मग ब्रुक्सनी दुसरी कादंबरी लिहायला घेतली, बरीचशी लिहूनही झाली. लेस्टरनी ती वाचली आणि सांगितलं, ही सोडून दे, नवी लिही. पहिलं पुस्तक इतकं गाजलेलं असताना! लेखकाच्या नावावर दुसरं काहीही खपलं असतं. पण पुढचं पुस्तक आलं ते १९८२ मध्ये. नुसता गल्ला पाहणारा माणूस पाच वर्षं थांबत नाही.

स्टीफन डोनल्डसन यांच्या पहिल्या त्रयीला तब्बल ४७ प्रकाशकांनी नकार दिला होता. तीही अखेर इथूनच आली. १९७८ मध्ये अ‍ॅन मॅकॅफ्री यांची ‘द व्हाइट ड्रॅगन’ न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत गेली. मायकेल व्हेलन यांचं तिचं मुखपृष्ठ दुकानात लांबूनही नजरेत भरायचं. मुखपृष्ठाबद्दल जूडी-लिन फार आग्रही असत.

आक्षेपही घ्यायला हवा. फँटसीचा साचा बनला तो इथंच: काल्पनिक जग, साधासुधा नायक, दुष्टशक्ती, लांबलचक प्रवास आणि पुस्तकांची रांग. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनच्या नकलांचं पीक आलं, हे टीकाकारांचं म्हणणं मला बरंचसं पटतं. पण त्याच पिकामुळे दुकानात फँटसीला स्वतःचं कपाट मिळालं, आणि पुढे साचा मोडणाऱ्यांनाही तिथंच जागा झाली.

ऑक्टोबर १९८५ मध्ये जूडी-लिन यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्या गेल्या, वय ४३. त्याच वर्षी विज्ञानकथा-रसिकांनी त्यांना उत्कृष्ट व्यावसायिक संपादकाचा ह्यूगो पुरस्कार दिला. लेस्टरनी तो नाकारला. हयातीत कधी दिला नाही, आता केवळ ती गेली म्हणून देताय, हे तिलाच रुचलं नसतं, असं त्यांचं कारण होतं. मला ते योग्य वाटतं. तो पुरस्कार १९७३ पासून दिला जात होता आणि बहुतेक वेळा मासिकांच्या संपादकांकडेच जात होता. पुस्तकांच्या संपादकांसाठी वेगळा ह्यूगो सुरू झाला २००७ मध्ये, जूडी-लिन गेल्यानंतर २१ वर्षांनी.